किल्ली मुंबईला

पेटी म्हटलं की माणसं आधी कपड्यांची ट्रंक समजतात. मी ती नव्हे. मी वाजायची पेटी. पुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, मागे भाता, पोटात पितळेच्या सूरपट्ट्या. आणि आधीच सांगून ठेवते, मी गोड बोलायला बसलेली नाही. माझ्यासारख्या वस्तू आपली हकीकत सांगताना फार नम्र होतात, मालकाचे आभार मानतात, तुमची कृपा असू द्या म्हणतात. मला कुणाचे आभार मानायचे नाहीत. मला राग आलेला आहे.

आज मी दाजींच्या घरामागच्या मांगरात पडून आहे. एका बाजूला माडाच्या सुक्या चुडतांचा ढीग, दुसऱ्या बाजूला मोडका नांगर. माझ्या झाकणावर एक तांबडी कोंबडी अंडी घालते. तिच्यावर माझा राग नाही. तिला बसायला जागा हवी होती, तिने ती घेतली, आणि घेताना भाषण केलं नाही.

माझा जन्म गिरगावातल्या एका माडीवरच्या कारखान्यात झाला. आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाची माणसं मला विकत घ्यायला आली, तेव्हा प्रत्येकाने एकेक पट्टी दाबून बघितली आणि प्रत्येकाने मान हलवली. त्यातल्या एकालाच वाजवता येत होतं. मग माझ्या तोंडावर पिवळ्या रंगाने अक्षरं आली: 'खालची वाडी ग्रामस्थ मंडळ, मुंबई, यांजकडून देवास अर्पण, सन १९५४.' देवाला अर्पण केलेली वस्तू पुन्हा आपली म्हणता येत नाही, एवढी साधी गोष्ट पुढे त्या मंडळींच्या कधी ध्यानात राहिली नाही.

बोटीने मी मालवणला आले. बोट खोल पाण्यात उभी राहते, तिथून होडीत उतरायचं. मला खाली सोडताना होडीतला माणूस म्हणाला, "सोड रे, धरलंय मी." धरलं नव्हतं. एका बाईच्या गोधडीच्या गाठोड्यावर आपटले म्हणून वाचले. तिथून बैलगाडीने आचऱ्याच्या अलीकडे आमच्या वाडीत.

वाडीची गंमत सांगते. निम्म्या घरांना वर्षभर कुलूप. घरची माणसं मुंबईला, कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी हापिसात. मे महिना आला की ती येतात, घरं उघडतात, फणस कापतात, भजनं करतात, सभा घेतात, गावाने कसं वागावं ते गावाला सांगतात आणि पाऊस यायच्या आत परत जातात. देवळात वाळवी, म्हणून मला ठेवायचं कुठे हा प्रश्न आला. मंडळातल्या घरांत बारा महिने चूल पेटणारं घर एकच, दाजींचं. मी दाजींच्या घरी आले.

दाजींची बायको रुक्मिणीकाकी. वाडीत तिला सगळे काकीच म्हणतात. तिने मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पावसाच्या तोंडावर उचलून चुलीमागच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर ठेवलं. त्या घरात पावसाळ्यातून जगवायच्या वस्तू तिथे जातात. बियाण्याची मडकी, कोकमाची सोलं, पापड आणि खारवलेल्या बांगड्यांचं मोठं मडकं. मी बांगड्यांच्या शेजारी. भिंत ऊबदार, धूर थोडा थोडा येई. वास लागला, कबूल आहे. पण माझा एक सूर गंजला नाही.

काही वर्षं मी फक्त मे महिन्यात वाजले. मग दाजींच्या मुलाचं, दत्तारामचं लग्न झालं. तो मुंबईला गोदीत कामाला. लग्नानंतर पंधरवड्याने तो बोटीवर चढला आणि नवी सून घरात राहिली. तिचं नाव मथुरा. माहेर तारकर्लीचं. बाप भजनी बुवा होता. त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याने पेटी मुलीला शिकवली, आणि शिकवून झाल्यावर लग्नात कुणाला सांगू नको म्हणून बजावलं.

मथुरा फार बोलत नसे. बघत असे. कोण जेवताना कुठली वाटी पुढे सरकवतो, कोण हसताना कुणाकडे बघतो, सगळं बघत असे. फळीवर मला तिने पहिल्याच आठवड्यात बघितलं, हात लावला एका दुपारी. घरात सगळे आडवे झाले होते. तिने मला खाली घेतलं, भाता अगदी हळू उघडला आणि दोन सूर लावले. आतल्या खोलीतून काकीचा आवाज आला.

"कोण वाजवता ता?"

मथुरेने हात मागे घेतला.

"बंद कित्या केलंस? आता खंय माका झोप येय होती."

एवढंच. पुन्हा त्याविषयी दोघी कधी बोलल्या नाहीत. रोज दुपारी मी वाजायला लागले.

त्याच उन्हाळ्यात शाळेतल्या गुरुदास मास्तरांच्या मनात आलं की सुट्टीत मुलींसाठी वर्ग काढावा. मुलगे पोहतात, विटीदांडू खेळतात, मुली काजूच्या बिया भाजतात आणि धाकटी भावंडं सांभाळतात. मास्तर दाजींकडे आले. कामाचं बोलायचं म्हणून पुस्तकातली मराठी काढली.

"दाजी, शिवण मी बघतो, लेझीम बघतो. गाण्याचं तुमच्या सूनबाई बघतील का?"

"माका काय विचारतास? तिका विचारा," दाजी म्हणाले.

काकी सुपात तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "जांव दे तिका. घरात माझ्या पाठसून सावलेसारख्या फिरता, त्यापेक्षा बरा."

शाळेच्या पडवीत वर्ग सुरू झाला. सकाळी मुली येत, कुणाच्या कडेवर भाऊ, कुणाच्या ओच्यात करवंदं. मथुरा मला पुढ्यात घेई. त्या पोरींना गाता येत नव्हतं असं नाही. त्यांना मोठ्याने गायची सवय नव्हती. विमला नावाची एक होती, तिचा आवाज सगळ्यात चांगला आणि सगळ्यात लपलेला. मथुरेने प्रत्येकीचा गळा ऐकला, सगळ्यांना झेपेल अशी पट्टी धरली आणि महिनाभर ती सोडली नाही. "हयसून सुरू करूचा," ती म्हणे, आणि माझी तीच पट्टी दाबे. मी आयुष्यात जे काही धड वाजले ते त्या महिन्यात वाजले.

वर्गाच्या शेवटी देवळासमोरच्या मांडावर कार्यक्रम ठरला. मुलींची गाणी, मथुरा पेटीवर, मग मुंबईकरांचं भजन. मुलींनी घरातल्या धुतलेल्या परकरांना नवी किनार लावली. मथुरेने लग्नातलं लुगडं काढलं आणि पुन्हा ठेवून दिलं, साधं नेसली.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी हरिश्चंद्र आला. हा काकीचा पुतण्या, दत्तारामहून धाकटा. मुंबईला हापिसात कारकून आणि मंडळाचा चिटणीस. मला विकत घेतलं तेव्हा वाजवता येणारा जो एक होता, तो हाच. वाडीत त्याला बुवा म्हणतात. गातो बरा, हे मी रागातही सांगते. पण गाताना त्याला दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू येत नाही.

संध्याकाळी मांडावर गॅसबत्त्या टांगल्या. पुरुष पुढे सतरंजीवर, बायका मागे आणि कडेला. मुली रांगेत उभ्या राहिल्या. मथुरा माझ्यापुढे बसली, भाता उघडला, आणि हरिश्चंद्र येऊन उभा राहिला.

"उठा वयनी. पेटी मी घेतंय."

"चेडवांका ह्याच पट्टीची सवय आसा, भावजी," ती म्हणाली.

"पट्टी तुमी माका शिकयतास?"

तो हसत हसत म्हणाला. हसत म्हटलं की पुढच्या माणसाला चिडायची सोय राहत नाही. पुढे बसलेले पुरुषही हसले. मथुरा उठली. देवळाच्या खांबाजवळ जाऊन उभी राहिली.

आणि तो बसला, आणि त्याने स्वतःच्या गळ्याची उंच पट्टी धरली. मी काय करणार? मला दाबलं तिथे मी वाजते. मुलींनी पहिली ओळ कशीबशी ओढली. दुसरीला विमलाचा आवाज वर जाऊन फाटला. मागून एकजण ओरडला, "मांजराची शेपटी कोणी चिरडल्यान रे?" सगळा मांड हसला. मुली गप्प झाल्या. हरिश्चंद्राने एकट्याने ते गाणं पूर्ण केलं, त्याला टाळ्या पडल्या, आणि तो म्हणाला, "जावंदे, ल्हान आसत." मग तासभर भजन. मी वाजत होते. त्या तासाची मला अजून शिसारी आहे.

भजन संपल्यावर त्याने वाकून मला हुंगलं.

"काकी, पेटीक खाऱ्याचो वास येता."

"येतलोच. खाऱ्याकडे ठेवलेली."

"देवाची पेटी गो ही. आणि बांगड्यांवांगडा?"

"देवाची मा? मगे ठेव देवळात. वाळवी वाटच बघता."

दुसऱ्या दिवशी फणसाखाली मंडळाची सभा झाली. पेटी मंडळाची आहे, तिची हेळसांड होते, कोणीही उठून वाजवतं, तेव्हा तिला रंगवलेली लाकडी खोकी करावी, कुलूप घालावं, खोकी दाजींच्या पडवीत राहील आणि किल्ली चिटणिसाकडे. कोणीही उठून म्हणजे कोण, ते कुणी बोललं नाही. सुट्टीत आलेला दत्ताराम सभेला होता. तो हातातली काडी मोडत बसला. काडीचे तुकडे झाल्यावर दुसरी घेतली.

घरी येऊन बायकोला म्हणाला, "जावंदे गो. मी तुका दुसरी घेऊन देतंय."

"माझ्यासाठी कोण मागता?" मथुरा म्हणाली. "फुडल्या वर्साक चेडवांका शिकवतलंय कशाक धरून?"

त्याने दुसरी पेटी कधी आणलीही नाही. चांगला माणूस आहे, बायकोला बाजारातून केसांच्या पिना आणतो. पण ज्या दिवशी तोंड उघडायचं त्या दिवशी काड्या मोडतो, आणि अशा चांगुलपणाचा मला जास्त राग येतो.

सुताराने खोकी केली. आतून मेणकापड, बाहेरून हिरवा रंग. मला आत बसवलं, कुलूप लावलं, किल्ली हरिश्चंद्राच्या बंडीच्या खिशात गेली आणि तिथून मुंबईला. त्यांना वाटलं, जपलं मला. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याने ज्या पडवीत मिठाला पाणी सुटतं, तिथे मला मेणकापडात गुंडाळून बंद करून ठेवलं. आत शिरलेली ओल बाहेर जाईना. आधी भात्याच्या कातड्याला बुरशी आली. मग झुरळं आली, त्यांना सरस आवडतो. मग एकेक सूर हिरवा पडायला लागला. मला ते कळत होतं. ओरडायला भाता लागतो, आणि भाता कुलपात.

कधी मथुरा पडवीत केर काढायला येई आणि खोकीजवळ केरसुणी थांबे. एकदा काकी दारातून म्हणाली, "ठोठाव गो वायच. जिती आसा काय बघ."

मथुरेने बोटाने दोनदा ठोठावलं. मी काय उत्तर देणार?

पुढच्या उन्हाळ्यात वर्ग पुन्हा भरला. पेटी नव्हती. मथुरा स्वतःच्या गळ्यातून सूर देई आणि मुली तो उचलत. वारा फिरला की मला पडवीत ऐकू येई. विमला यायचीच बंद झाली होती. मथुरा तिच्या दारात रोज जाऊन बसली तेव्हा आली.

मग हरिश्चंद्र किल्ली घेऊन आला. चार माणसं बोलावून, नारळ फोडून खोकी उघडली. त्याने भाता ओढला तो हातात आला. वरच्या सुरांना आवाज नाही, आणि खालचा एक लागला तो थांबेना, दम्याच्या म्हाताऱ्यासारखा ओढत राहिला. तो माझाच आवाज होता.

हरिश्चंद्र उठून उभा राहिला. बाकीच्यांकडे बघून म्हणाला, "नासवली. गावातल्या बायकांनी लक्षच देवक नाय."

काकी चहाचे कप घेऊन येत होती. "कुलपाक लक्ष कसा देवचा रे?" तिने विचारलं. पण त्याची पाठ वळली होती.

ते वाक्य बोटीने मुंबईला गेलं आणि गणपतीला परत आलं. आरतीला आलेली बाई काकीला विचारी, "पेटी तुमच्याकडेच नासली मा?" काकी निरांजन हातात घेऊन तशीच उभी राही. तिला गाण्याशी फारसं देणंघेणं नाही. पण ज्या घरात बियाणं कधी किडलं नाही, त्या घरावर हा ठपका आला होता. तो तिच्या अन्नात उतरला. मी पडवीतून बघत होते, जेवताना ती घास हातात धरून बसे.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात नवी पेटी आली. चकचकीत, माझ्याहून मोठी. तिच्यासाठी माझीच खोकी नव्याने रंगवली, कुलूपही तेच. मांडावर पुन्हा कार्यक्रम. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी, माझ्यावर हळदकुंकू वाहिलेलं. हरिश्चंद्राने भाषणाला शहरी मराठी काढली.

"मंडळाने या वर्षी नवीन पेटी घेतली आहे. ती अर्थातच मंडळाच्या ताब्यात राहील. परंतु आमच्या भगिनींची आवड लक्षात घेऊन जुनी पेटी आम्ही मुलींच्या वर्गाला भेट देत आहोत. मथुरावहिनींनी पुढे यावं."

मोडलेली मी, आणि भेट. मी पडवीत कुजले तेव्हाही मला एवढी लाज वाटली नव्हती.

मथुरा पुढे आली. तिने नारळ घेतला नाही. हळूच म्हणाली, "ही नको. किल्ली हय ठेवा."

"जुन्या पेटीक किल्ली नसता, वयनी." तो भाषणातून खाली उतरला. काहीजण हसले.

"नव्याची म्हणतंय."

हसणं थांबलं. हरिश्चंद्र इकडेतिकडे बघत म्हणाला, "मंडळाचो नियम आसा तसो."

मथुरा तिथेच उभी राहिली. मागे गेली नाही. दत्ताराम सतरंजीचा दोरा उपटत होता. आणि बायकांतून काकी उठली. तिला गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सगळा मांड तिच्याकडे बघत राहिला.

"हरी," ती म्हणाली, "नवी पेटी खंय ठेवतलंस?"

"तुमच्या पडवीत, काकी. आजून खंय?"

"माझ्या पडवीत नाय."

"मगे?"

"तुझ्या घरात ठेव."

"माझ्या घराक कुलूप असता."

"बाबूच्या ठेव."

पुढे बसलेला बाबू पुटपुटला, "आमचाव बंद, काकी."

"मगे मुंबयेक घेऊन जावा आणि थय काय व्हयी ता वाजवा. माझ्या पडवीत पेटी येतली ती किल्लीसकट. मी उघडून नासवलंय तर माका बोल, ऐकून घेतंय. न उघडता नासवलंय म्हणतंस, ता आता ऐकूचंय नाय."

सगळे दाजींकडे बघायला लागले. दाजी तळहातावर तंबाखू मळत होते. त्यांनी मळणं पुरं केलं.

"माझ्याकडे काय बघतास? पडवी तिची."

मंडळातली घरं त्यांनी मनात मोजली असतील. दाजींचं सोडून एकाही घराची चूल पावसात पेटत नव्हती. हरिश्चंद्राने बंडीच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढली. काकीच्या हातात देणार होता. काकीने हात पुढे केला नाही, मथुरेकडे मान वळवली. त्याला तिच्या हातात द्यावी लागली.

मथुरा नव्या पेटीपुढे बसली. मुली उभ्या राहिल्या, विमला मधोमध. मथुरेने पट्टी दाबली, तीच, त्यांच्या गळ्याची. पहिली ओळ निघाली, आणि ती फाटली नाही, आणि मी पुढचं ऐकायला जीव गोळा केला.

तेवढ्यात दोघांनी मला उचललं. वाटेत अडचण होते म्हणून. दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा मी वाडीच्या पाणंदीत होते, आणि टाळ्या पडल्या की नाही ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. तेव्हापासून मी या मांगरात आहे.

वर्ग दर उन्हाळ्यात भरतो. आता त्यात मोठ्या बायकाही जातात, फुगड्या घालतात, शिवण करतात, मे महिन्याच्या शेवटी गातात. हरिश्चंद्र येतो, वाजवायला मागतो. मथुरा देते. वाजवून झाल्यावर परत घेते. नवी पेटी चुलीमागच्या फळीवर राहते, तिलाही वास लागला आहे, आणि आता तो कुणाला येत नाही.

मध्यंतरी तिचा एक सूर गेला. कुडाळहून दुरुस्तीवाला आला, मांगरात येऊन त्याने माझं पोट उघडलं. एक सूर अजून हिरवा पडला नव्हता. मथुरा दारात उभी होती. "हळू काढा," ती म्हणाली. त्याने काढला आणि नव्या पेटीत बसवला.

कुणी म्हणेल, जन्माचं सार्थक झालं. म्हणणाऱ्याला एकदा खोकीत घाला, मग विचारा. मला सगळं अंग हवं होतं. मला त्या बाईच्या हाताखाली वीस वर्षं वाजायचं होतं, आणि मी एक महिना वाजले. सकाळी वर्गाचा आवाज इथवर येतो. त्यात माझा तो सूर आला की मी ओळखते. बरं वाटतं का? वाटतं. राग जातो का? नाही. एकाच वेळी दोन्ही असतं, तुम्हा माणसांना ते ठाऊक असेल.

आता कोंबडी यायची वेळ झाली, तुम्ही निघा. जाताना पडवीवरून जाल तर काकी बसलेली असेल. आता ती फार थकली आहे. तिला माझं काही विचारू नका. विचारलंत तर ती हातातलं काम ठेवील, तुमच्याकडे नीट बघील आणि म्हणेल, "ती पेटी? ती बायकांनी नासवक नाय. सांगून ठेवतंय."

मग तुम्ही हो म्हणा, आणि चहा देईल तो पिऊन जा.